गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन की पॅरासिटामॉल? मूत्रपिंडातील रक्तप्रवाहाच्या दृष्टीने

रक्तदाबासाठी रोज टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल घेणाऱ्या वयस्क व्यक्तीचे गुडघे दुखू लागले, की पॅरासिटामॉल द्यावे की आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांपैकी एखादी गोळी द्यावी, असा प्रश्न घरात उभा राहतो. दुखणे लवकर कशाने थांबते, एवढाच निकष लावणे मला धोक्याचे वाटते.

शरीराच्या वजनात अर्धा टक्काही न भरणाऱ्या दोन मूत्रपिंडांकडे हृदयातून निघालेल्या रक्तापैकी २० ते २५ टक्के, म्हणजे मिनिटाला लिटरभर रक्त जाते. त्यातील बहुतेक बाहेरच्या थरात फिरते. आतल्या गाभ्याला जेमतेम दहावा हिस्सा मिळत असल्याने तेथे प्राणवायूची कायमच ओढाताण असते. गाळणीचे काम करणाऱ्या प्रत्येक केशिकागुच्छात रक्त एका सूक्ष्म रोहिणीतून शिरते आणि दुसरीतून बाहेर पडते. शरीरातील पाणी घटले, की अँजिओटेन्सिन हे संप्रेरक मुख्यतः बाहेर जाणारी रोहिणी आवळून गाळणीतला दाब टिकवून धरते, तर प्रोस्टाग्लॅन्डिने ही शरीरातच तयार होणारी रसायने आत येणारी रोहिणी मोकळी ठेवतात.

आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या प्रोस्टाग्लॅन्डिनांची निर्मितीच रोखतात. निरोगी तरुणाचे मूत्रपिंड एरवी त्यांच्यावर फारसे विसंबून नसते, म्हणून दोन-चार दिवसांत त्याचे सहसा काही बिघडत नाही. परंतु टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलने अँजिओटेन्सिनचा प्रभाव रोखल्याने बाहेर जाणारी रोहिणी आधीच सैल झालेली, लघवी वाढवणाऱ्या गोळीने पाणी कमी झालेले, आणि त्यातच आत येणारी रोहिणी आकसली, तर गाळणीतला दाब कोसळून मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. पोटाला तुलनेने सौम्य असलेले सेलेकॉक्सिब हे याच गटातले वेदनाशामकही या बाबतीत सुरक्षित नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

पॅरासिटामॉल सूज उतरवत नाही आणि झिजलेल्या गुडघ्याला त्याने आराम कमीच पडतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र नेहमीच्या मात्रेत ते मूत्रपिंडातील या व्यवस्थेला फारसा धक्का लावत नाही. प्रौढांसाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा असून यकृताचा विकार, मद्यपान किंवा कमी वजन असल्यास ती आणखी खाली येते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेही या हिशेबात धरावे.

अशा रुग्णासाठी मी आधी गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचे जेल सुचवेन, कारण त्यातील फारच थोडे औषध रक्तात उतरते. मूत्रपिंड आधीच कमकुवत असेल, तर तेही डॉक्टरांना विचारून लावावे. जोडीला गरजेपुरते पॅरासिटामॉल घेता येईल. डॉक्टरांनी आयबुप्रोफेन दिलेच, तर ते मोजके दिवस घ्यावे, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) व पोटॅशियम तपासून घ्यावे आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्यास ते त्याच दिवशी थांबवून रक्तदाबाच्या गोळ्यांविषयीही डॉक्टरांना विचारावे.