पायथन.एच कुठे आहे, हे विचारायचं कोणाला?

फोंड्याच्या लॅबमधल्या मशीनवर उबुंटू २२.०४, म्हणजे पायथन ३.१०. मडगावला घरच्या लॅपटॉपवर २४.०४, म्हणजे ३.१२. पायथनमध्ये मॉड्यूल म्हणून लोड होणारं, सी भाषेतलं एकच एक्स्टेन्शन दोन्हीकडे बिल्ड करायचं, तर मेकफाइलला (बिल्डच्या आज्ञांच्या फाइलला) हेडरचा, म्हणजे पायथनच्या सी-व्याख्या असलेल्या पायथन.एच या फाइलचा, पत्ता कुठून द्यायचा?

सर्वांत सोपं म्हणजे '/यूएसआर/इन्क्लूड/पायथन३.१०' हाताने लिहून टाकणं. लॅबमध्ये चालेल, घरी अडेल. शिवाय फोल्डरचं नाव नुसत्या आकड्यावर थांबतं असंही नाही. ३.७ पर्यंत शेवटी 'एम' असायचा, ३.८ पासून तो गेला आणि ३.१३ च्या जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप) नसलेल्या बिल्डला 'टी' चिकटला. एका दुपारच्या प्रयोगापुरतं ठीक.

'पायथन३-कॉन्फिग' हा पायथनच्या बिल्डची माहिती सांगणारा प्रोग्राम मेकफाइलवाल्यांचा लाडका. 'इन्क्लूड्स' हा पर्याय दिला की कंपायलरला लागणाऱ्या आय-फ्लॅगसकट (हेडर कुठल्या फोल्डरात शोधायचे हे सांगणारा पर्याय) उत्तर येतं. खोड निघते ती व्हेन्वमध्ये (एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथन वातावरणात), कारण व्हेन्व स्वतःचा पायथन३-कॉन्फिग तयार करतच नाही. समजा लॅबच्या मशीनवर पायएन्व्हच्या (एकाच मशीनवर अनेक पायथन ठेवणाऱ्या साधनाच्या) ३.१२ वरून व्हेन्व केलंय आणि ते चालू आहे. तरीही शेल पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, पुढे जाऊन सिस्टमचा ३.१० वाला उचलू शकतं, आणि कंपायलर चकार शब्द न काढता फाइल बनवून देतो. फाइलच्या नावात 'सीपायथन-३१०' असेल तर ३.१२ तिच्याकडे बघतही नाही, 'मॉड्यूल सापडलं नाही' म्हणतो. हे नशीब चांगलं असल्याचं लक्षण. नाव नुसतं 'डॉट एसओ' ठेवलं असेल तर मॉड्यूल लोड होतं. पण ३.१२ मध्ये पूर्णांकाच्या ऑब्जेक्टची आतली मांडणी बदललेली आहे. तिला थेट हात लावणारा कोड जुन्या हेडरप्रमाणे वाचतो, आणि मग चुकीचे आकडे तरी येतात नाहीतर सेगफॉल्ट होऊन प्रोग्राम कोसळतो.

लायब्ररींचे पत्ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगचं दुखणंही तेच: तो आपल्या ठरलेल्या फोल्डरांतच शोधतो, त्यामुळे पायएन्व्हसाठी शोधपथ वेगळा सांगावा लागतो. प्रोजेक्टमधल्या बाकीच्या लायब्ररी त्याच्याकडूनच येत असतील तरच घ्यावा. ३.८ पासून 'पायथन३' हे नाव एक्स्टेन्शनसाठी आणि 'पायथन३-एम्बेड' हे पायथन आपल्या प्रोग्राममध्ये बसवण्यासाठी, एवढं लक्षात असू द्या.

परवरीतल्या घराचा पत्ता म्हापशाच्या बसस्टँडवर विचारण्यापेक्षा घरमालकाला फोन करावा. इथला घरमालक म्हणजे जो इंटरप्रीटर (पायथन चालवणारा प्रोग्राम) मॉड्यूल लोड करणार तोच. त्याच्या सिसकॉन्फिग मॉड्यूलमधल्या 'गेट_पाथ'ला 'इन्क्लूड' विचारलं की व्हेन्वमध्येही मूळ पायथनचा बरोबर पत्ता मिळतो. इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांतला डिस्टयुटिल्सचा (पायथनच्या जुन्या बिल्ड-मॉड्यूलचा) मार्ग मात्र सोडा, ३.१२ मध्ये ते मॉड्यूलच काढलंय.

पण हा घरमालक पत्ता सांगतो, घर जागेवर आहे का हे बघत नाही. हेडर असलेलं डेव्ह पॅकेज नसलं तरी तो बिनदिक्कत फोल्डरचं नाव देतो आणि कंपायलर 'पायथन.एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणून थांबतो. म्हणून त्या फोल्डरात पायथन.एच खरोखर आहे का, हे स्क्रिप्टमध्येच तपासावं. नसेल तर उबुंटूवर 'पायथन३-डेव्ह', फेडोरावर 'पायथन३-डेव्हेल'. पिपने (पायथनची पॅकेजं उतरवणाऱ्या साधनाने) हे हेडर येत नाहीत. पावसाळ्यात नेट कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा उबुंटूच्या एपीटी-गेटला 'डाउनलोड-ओन्ली' देऊन पॅकेजं आधीच उतरवून ठेवलेली बरी.

सिसकॉन्फिग एका ठिकाणी फसतो: क्रॉस-कंपाइल करताना, म्हणजे एका मशीनवर दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी बिल्ड करताना. लॅपटॉपवर बसून ३२-बिट रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरसाठी बिल्ड केलंत, तर तो लॅपटॉपचाच पायकॉन्फिग.एच (मशीनप्रमाणे बदलणारा हेडर) दाखवतो, आणि 'लाँग_बिट'ची व्याख्या या प्लॅटफॉर्मसाठी चुकीची दिसते, अशी एरर येऊ शकते. तिथे पायवरचे हेडर आणून पत्ता हाताने देणंच रास्त.

निवड करायचीच तर: नुसतं एक्स्टेन्शन असेल तर सेटअपटूल्स (पायथनचं बिल्ड-साधन) वापरा, ते पायथनच्या हेडरचा पत्ता स्वतःच लावतं. सीमेक (मेकफाइल आपोआप तयार करून देणारं साधन) असेल तर ३.१८ किंवा पुढचं घेऊन 'डेव्हलपमेंट.मॉड्यूल' हा भाग मागा आणि इंटरप्रीटरचा पूर्ण पाथ सोबत द्या. हाताने लिहिलेली मेकफाइल असेल तर सिसकॉन्फिग. नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) लागत असेल तर त्याचे हेडर वेगळे, ते 'नमपाय.गेट_इन्क्लूड' ला विचारा, २.० मध्ये 'कोअर' फोल्डरचं '_कोअर' झाल्यापासून हाताने लिहिलेले जुने पत्ते तिथेही चालत नाहीत.