नवे एअर पिस्तूल : नळी उत्तम, ट्रिगर निराशाजनक

दहा मीटर एअर पिस्तूल या प्रकारात मी गेली चार वर्षे हौशी पातळीवर सराव करते. त्यांतली पहिली साडेतीन वर्षे पुण्यातल्या एका क्लबच्या, अनेकांच्या हातांतून गेलेल्या आणि मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेल्या पिस्तुलावर गेली. त्यानंतर सव्वा लाखाच्या आसपास खर्च करून स्वतःचे पिस्तूल घेतले. ते युरोपीय बनावटीचे आहे, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालते, 4.5 मिमीचे छर्रे झाडते आणि त्या कंपनीच्या मालिकेत मधल्या दर्जाचे मानले जाते. सहा महिन्यांत त्यातून सुमारे चार हजार छर्रे झाडून झाल्यावर हे लिहीत आहे, त्यामुळे हे पहिल्या आठवड्यातल्या नवखेपणाचे मत नाही.

चांगले आहे ते आधी सांगते. नळीबद्दल तक्रार करायला जागा नाही. टेबलावर टेकू देऊन झाडलेले पाच छर्रे कागदावर जवळजवळ एकच भोक पाडतात. वजनाचा तोल किंचित पुढे आहे आणि मला तो तसाच आवडतो. लाकडी मूठ कानस मारून हाताजोगी करून घ्यावी लागली, पण ते बहुतेक सर्वच पिस्तुलांच्या बाबतीत करावे लागते.

निराशा आहे ती ट्रिगरची. स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात बोट हलक्या दाबाने मागे येते, मग एक स्पष्ट अडसर लागतो, आणि त्या अडसरावर थोडा दाब वाढवला की छर्रा सुटतो. बाजारात भेंडी घेताना आपण टोक मोडून पाहतो, तेव्हा कोवळी भेंडी कट्कन तुटते आणि जून भेंडी नुसती वाकत राहते. क्लबच्या जुन्या पिस्तुलाचा दुसरा टप्पा कोवळ्या भेंडीचा आहे, माझ्या नव्या पिस्तुलाचा जून भेंडीचा. पहिला टप्पा कुठे संपला हे बोटाला नीट कळत नाही, आणि अडसर लागला असे वाटल्यानंतरही ट्रिगर आणखी थोडा सरकतो, मध्येच खरखरतो, थांबतो आणि मग कधीतरी सुटतो.

ट्रिगर जड आहे, अशी माझी तक्रार नाही, हे मुद्दाम स्पष्ट करते, कारण दुकानदाराने पहिल्याच फोनवर तसा समज करून घेतला होता. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या प्रकारात ट्रिगरचा दाब किमान 500 ग्रॅम असावा लागतो. तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला 500 ग्रॅमचे वजन अडकवतात आणि ते पिस्तुलाने न सुटता उचलावे लागते. क्लबमधल्या ट्रिगर गेजवर, म्हणजे ट्रिगरचा दाब मोजणाऱ्या उपकरणावर, मी दोन्ही पिस्तुले प्रत्येकी वीस वेळा मोजली. जुन्याचे आकडे 515 ते 530 ग्रॅमच्या दरम्यान राहिले, तर नव्याचे 505 ते 590 पर्यंत पसरले. म्हणजे सरासरी कमी करण्यासाठी स्क्रू थोडा जरी सैल केला, तरी एखादा शॉट 500 च्या खाली सुटून पिस्तूल तपासणीत नापास होण्याची धास्ती. म्हणून नाइलाजाने मला ते आहे तसेच, जडसर ठेवावे लागते. ट्रिगरचा दाब स्क्रूने बदलता येतो, अनिश्चितता बदलता येत नाही.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे नेमबाजी न करणाऱ्याला वाटेल. दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा 11.5 मिमी असतो आणि त्यापुढचे, एकेक गुण कमी देणारे प्रत्येक वर्तुळ 8 मिमी अंतरावर असते. पुढच्या आणि मागच्या साइटमधले (नेम धरायच्या खुणांमधले) अंतर साधारण 33 सेंमी धरले, तर पुढची साइट एक मिलिमीटर हलली की लक्ष्यावर छर्रा सुमारे 30 मिमी सरकतो, म्हणजे जवळपास चार गुण गेले. ट्रिगर अपेक्षित क्षणी सुटला नाही की बोट नकळत उरलेला दाब एकदम देते आणि मनगट त्याच्या मागे जाते. माझे आठ आणि सात बहुतेक वेळा डावीकडे खाली पडतात. हातात जुने पिस्तूल घेतले की ते पडत नाहीत असे नाही, पण तिथे चूक माझी आहे हे निदान कळते.

आणखी एक बाब खटकली. घरी छर्ऱ्याविना ड्राय फायरचा सराव करण्यासाठी यात वेगळी सोय आहे, पण त्या वेळी ट्रिगर चक्क स्वच्छ, नेमका सुटतो. रोज संध्याकाळी भिंतीसमोर अर्धा तास उभे राहून बोटाला एक सवय लावायची आणि रेंजवर गेल्यावर भलताच ट्रिगर समोर यायचा, हे सहा महिने चालले आहे. यावरून माझा तर्क असा, की प्रत्यक्ष फायरच्या वेळी हातोड्याच्या (ट्रिगर सुटताच आपटून हवा सोडणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगचा पूर्ण ताण ज्या दोन पोलादी कडांवर येतो, त्या कडा नीट घासलेल्या नसाव्यात.

नवे पिस्तूल घेणाऱ्यांना त्यामुळे एकच सांगेन: दुकानात पाच छर्रे झाडून गटाचा (ते किती जवळजवळ पडले याचा) कागद पाहू नका, तो चांगलाच येतो. गेज सोबत न्या, वीस वेळा मोजा, आणि ड्राय फायरच्या अनुभवावर अजिबात विसंबू नका. मी नेमके हेच केले नाही.

आयातदाराने आधी ‘वापराने घासून बसेल’ असे सांगितले. चार हजार छर्ऱ्यांनंतर पुन्हा विचारले, तेव्हा पिस्तूल परदेशी कारखान्यात पाठवावे लागेल आणि त्याला तीन-चार महिने लागतील, असे उत्तर आले. क्लबमध्ये येणारे एक जाणकार कारागीर त्या कडा दोन दिवसांत पॉलिश करून द्यायला तयार आहेत, पण त्यांनी झाकण उघडले की वॉरंटी संपली. अजून दीड वर्षाची वॉरंटी शिल्लक असल्याने मी पहिला मार्ग पत्करला आहे. पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेसाठी क्लबचे ते चिकटपट्टीवाले पिस्तूल मागून ठेवले आहे.