दीपकाडी सड्यावर राखावी की परड्यात आणावी?

गावच्या सातबाऱ्यात सड्याचा, म्हणजे उघड्या जांभ्या कातळाच्या पठाराचा, एक तुकडा आहे. मिरगाच्या सरी झाल्या की त्यावर दीपकाडीची, म्हणजे कंदातून उगवणाऱ्या एका दुर्मीळ रानफुलाची, पांढरी फुलं उभी राहतात. आणि आता घरात बोलणं निघालंय की तिथे आंब्याची कलमं लावू, किंवा चिरेखाणीला जागा देऊ. अशा वेळी ज्याला फुलाची काळजी आहे तो बहुधा मधला मार्ग काढतो: कंद उचलून घराजवळ लावू, फूलही राहील आणि जागाही मोकळी होईल. मीही तेच केलं होतं. अर्धे कंद परड्यात, म्हणजे घरालगतच्या बागेत, आणले, अर्धे सड्यावर राहिले. आठ पावसाळे दोन्ही पाहिलेत, त्यावरून लिहितोय.

दीपकाडी दिसते कशी हे तुम्हाला माहीत आहे, ते सोडून देतो. डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५०मध्ये तिचं वर्णन केलं तेव्हा नावातच कोकण घातलं, आणि ते सार्थ आहे. आपल्या जांभ्या सड्यांवरच तिचा खरा संसार. तिच्याच कुळातली एक, जिच्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘खडकांवरची’, मुंबईत कान्हेरीच्या खडकांवर आहे. ती राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आली म्हणून तिला आपोआप संरक्षण मिळालं. दीपकाडीचं तसं नाही. तिच्या पुष्कळशा जागा लोकांच्या खासगी मालकीच्या, आणि सातबाऱ्यावर त्या जागेपुढे ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला अयोग्य, असं लिहिलेलं. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांतही उघडा खडक पडीकच धरतात. फूल दुर्मीळ आणि त्याची जागा खराबा, अशी ही दोन कागदांवरची गत आहे. १९९०पासून रोजगार हमीतून फळबागेला अनुदान मिळू लागलं आणि सुरुंग लावून, खड्ड्यात माती भरून कातळावरही आंबा उभा राहू लागला. त्यात कोणाची चूक नाही. पोट कातळावर भरत नाही, हे मला कोणी सांगायला नको.

आता परडं. पहिल्या वर्षी मी खूश होतो. विहिरीच्या बाजूला दोन वाफे केले, चांगली माती, थोडं शेणखत. जूनअखेर फुलं आली, सड्यावरच्यापेक्षा दांडे उंच. घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवली. म्हाताऱ्या माणसांना सड्यापर्यंत चढवत नाही, त्यांनी अंगणातून पाहिली. हा फायदा मी आजही नाकारत नाही.

दुसऱ्या वर्षी गवत आलं. इथेच माझा निर्णय झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दीपकाडीचं पान अगदी गवतासारखं, अरुंद आणि लांब. फुलाचा दांडा वर येईपर्यंत बेणणाऱ्याला ती ओळखता येत नाही. आणि बेणणी नेमकी त्याच पंधरवड्यात करावी लागते, कारण भरल्या मातीत गवत दीपकाडीच्या आधी गुडघ्याला लागतं. बेणलं नाही तर ती गवताखाली गुदमरते. बेणलं तर विळ्याखाली जाते. बांबूच्या खुंट्या मारल्या, त्या वाळवीने खाल्ल्या. सळया रोवल्या, तर सळईला टेकून गवत आणखी घट्ट झालं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या काकी नजरेने पक्क्या, त्यांनी एक वर्ष एकेक पान बोटांनी बाजूला करून बेणलं. त्या वर्षी फुलं बरी आली. पुढच्या जूनमध्ये त्या लेकीकडे गेल्या आणि मी मुंबईहून पोचेपर्यंत वाफा साफ झालेला होता, गवतासकट. दर जूनला कोणीतरी जाणतं माणूस हजर असलं पाहिजे, ही अट मला काही पाळता आली नाही. तुम्ही बारमाही गावी असाल तर तुमचा अनुभव कदाचित वेगळा येईल.

सड्यावर हे कामच नाही. कातळाच्या खळग्यात चार बोटं माती, तीही ऑक्टोबरात तापून कोरडी. दांडगं गवत तिथे तग धरत नाही, जे येतं ते बुटकं. बेणणी कातळच करतो. शेजारी गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, सगळी अशीच कमी मातीत भागवणारी मंडळी. ज्या उपाशी जमिनीची आपल्याला दया येते, ती उपासमारच दीपकाडीचं कुंपण आहे, हे मला परड्यातल्या शेणखताने शिकवलं. सड्यावर फुलं मोजताना मी फार शास्त्र पाळलेलं नाही, पण गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून, वडाच्या बाजूपर्यंत चालत गेलो की दर वर्षी साधारण तेवढीच दिसतात. परड्यात गेल्या पावसाळ्यात तीन होती.

सड्याची बाजू अगदी निर्धोक आहे असं नाही. शेजाऱ्याने सुरुंग लावला तर भेगांतलं पाणी कुठे वळेल, सांगता येत नाही. रस्ता आला तर तुमचा शब्द किती चालेल, तेही नाही. म्हणून नुसतं ‘राहू दे’ म्हणून गप्प बसू नका. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोक जैवविविधता नोंदवहीत सडा आणि फूल लिहवून घ्या. नोंदीने सुरुंग थांबत नाही, पण पुढे बोलायला कागद राहतो. जागा लहान आहे म्हणून मागे सरू नका. आंबोलीत हिरण्यकेशीच्या एका माशासाठी २०२१मध्ये २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आणि उत्पन्न हवं असेल तर कलमं सड्याच्या कडेला, जिथे मुळातच माती आहे तिथे लावा, मधला उघडा कातळ सोडा. आम्ही तसं केलंय. कलमं कमी बसली, हे खरं.

चिरेखाण ठरूनच गेली असेल तर मात्र कंद हलवावेच लागतील. पण परड्यात नव्हे, दुसऱ्या कातळावर, तशाच खळग्यात, त्याच मातीसकट. जुलैत फुलं असतानाच जागेवर रंगाची खूण करा, कारण पान वाळलं की वर काहीच दिसत नाही. उचलायचं काम पान वाळल्यावर. आणि गडग्याचे चिरे न्यायचे असतील तर गाडी पावसाळ्यात सड्यावर घालू नका. चाकाखाली ओली माती एकदा कातळावरून सरकली की ती खळग्यात परत यायला किती वर्षं लागतात, ते मी अजून पाहतोच आहे.