जेवण झकास, पण पाण्याआधी ओटीपी

रेटिंग ३ देतेय. नुसत्या जेवणाला म्हणाल तर साडेचार. दीड कशाचे कापले ते खाली लिहिलंय, थोडं लांबलंय.

आई-बाबांच्या लग्नाला ४५ वर्षं झाली म्हणून परवा रविवारी ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका मालवणी हॉटेलात गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण हल्ली बऱ्याच ठिकाणी हेच चालू आहे, एकाच्याच डोक्यावर कशाला फोडू. बाबांना खरं तर मामलेदारची मिसळ हवी होती. वागळे इस्टेटला ३१ वर्षं नोकरी केली, पगाराच्या दिवशी मिसळ ठरलेली. तहसील कचेरीजवळ १९४६ पासून चालू आहे ते आणि ऑर्डर काय द्यायची तर तिखट की मीडियम, संपलं. पण आम्ही शहाणे, म्हटलं आज जरा एसीत बसू.

बसलो. मेनू कार्ड नाही, टेबलावर एक क्यूआर चिकटवलेला. स्कॅन केला तर आधी नाव, मग नंबर, मग ओटीपी, मग जन्मतारीख. जन्मतारीख कशाला, सुरमईशी पत्रिका जुळवायचीये का? बाबांचा फोन बटणाचा. आईकडे स्मार्टफोन आहे पण चष्मा घरी. मग मी, नवरा आणि लेक तिघं माना खाली घालून स्क्रोल करतोय आणि ज्यांच्यासाठी आलो ते दोघं एसीकडे बघत बसलेत.

बाबांची हॉटेलात ऑर्डर द्यायची एक पद्धत आहे. वेटरला आधी गाव विचारणार, मग आज ताजं काय आलंय, मग तो सांगेल तेच मागवणार. लहानपणी मला याची इतकी लाज वाटायची की मी टेबलाखाली त्यांना पाय मारायचे. परवा पहिल्यांदाच म्हणाले, "तुम्ही मागवाल ते." आणि मला कसंतरीच झालं.

बरं, मोबाईलवर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, दिसत होत्या म्हणून टाकल्या, दहा मिनिटांनी मेसेज, उपलब्ध नाही. माणूस असता तर तेव्हाच बोलला असता ना, "ताई, तिसऱ्या संपल्या, कोलंबी घ्या."

जेवण मात्र खरंच चांगलं. सुरमई ताजी, रव्याचं कव्हर पातळ, कोलंबीच्या रश्श्यात नारळ ओतून तिखट मारलेलं नाही, तांदळाची भाकरी गरम एकेक करून येत होती. सोलकढी आईने दोनदा मागितली, आई कुठल्याच हॉटेलात काही दोनदा मागत नाही.

मग बिल. ३,२०० चं जेवण, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज ३२०, त्या सगळ्यावर ५ टक्के जीएसटी, झाले ३,६९६. ज्या सर्व्हिसमधून माणूसच काढून टाकलाय तिचा चार्ज! हा चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. मी म्हटलं काढा, मॅनेजरने गुपचूप काढला, ३,३६० दिले. नाहीच काढला तर १९१५ ला फोन करायचा, ग्राहक हेल्पलाइन आहे. नंबरचंही तसंच, मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुकानदारांना सांगितलंय की बिलासाठी गिऱ्हाइकाच्या मोबाईल नंबरची सक्ती करू नका. इथे तर बिल लांबच, मेनू बघायलाच नंबर.

आता कोणी म्हणेल बाई जुन्या विचारांची आहे. अहो, मी कोथिंबिरीच्या जुडीलासुद्धा यूपीआय करते. पण जांभळी नाक्यावरचा भाजीवाला क्यूआर लावूनही "ताई, मेथी बघा, आत्ताच आली" म्हणतोच की. त्याला दोन्ही जमतं.

निघताना बाबा काउंटरवरच्या पोराशी बोलत उभे राहिले. पोरगा देवगडचा निघाला, बाबांचं आजोळ तिकडचंच, मग काय, आम्ही पंधरा मिनिटं पार्किंगमध्ये वाट बघत.

जाणार असाल तर रविवारी साडेबाराच्या आत जा, नंतर पाऊण तास वेटिंग. आणि कार्ड मागा. काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये एक लॅमिनेट केलेलं आहे, रेट जुने आहेत म्हणून बाहेर काढत नाहीत, बाबांना त्या पोराने दाखवलं.