‘पेट-सेफ’ म्हणून पैसे घेतले आणि कासवाच्या चाऱ्यावर टू-फोर-डी मारून गेले

या वर्षी मार्चमधली गोष्ट. सकाळचा चहा घेऊन आप्पा मागच्या अंगणात फेऱ्या मारत होते. आप्पा म्हणजे माझे सासरे. जळगाव जिल्ह्यात कपाशीची शेती करतात, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे टेक्सासला आले होते. कुंपणाजवळ ते खाली बसले, डँडेलियन या पिवळ्या फुलाच्या तणाचं एक झाड मुळासकट उपटलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "बेटा, इथे कोणी टू-फोर-डी मारलंय का?" टू-फोर-डी म्हणजे रुंद पानांचं तण मारायचं औषध.

मी म्हटलं, "नाही आप्पा, परवा मारलं ते सेंद्रिय होतं. त्याचेच तर जास्तीचे पैसे दिलेत."

त्यांनी झाड माझ्या हातात ठेवलं. डँडेलियनच्या फुलाचा दांडा एरवी सरळ उभा असतो. हा पीळ दिलेल्या सुतळीसारखा दोन वेढे घेऊन जमिनीकडे वळला होता. पानांच्या कडा आत गेल्या होत्या, देठ फुगून ठिसूळ झाले होते. आप्पा म्हणाले, "शेजारच्याने मक्यात नाहीतर उसात टू-फोर-डी मारलं आणि वारा आपल्या बाजूला असला की आपल्या कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी होतात. किती वर्षं बघतोय मी हे. खताने झाड असं पिळवटत नाही."

तोवर धोंडू त्याच गवतात दीड दिवस चरून झाला होता.

धोंडू आमचं कासव. सुलकाटा जातीचं, आफ्रिकेत सहाराच्या दक्षिण कडेला राहणारं. खंडांच्या मुख्य भूमीवर सापडणारं हे सगळ्यात मोठं जमिनीवरचं कासव. दुकानात मुठीएवढं पिल्लू मिळतं म्हणून लोक घेतात, ते पुढे चाळीस-पन्नास किलोचं होतं आणि मग सोडून दिलं जातं. धोंडूला आम्ही अशाच सोडून दिलेल्या प्राण्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेतून आणलं, तेव्हा तो नऊ किलोचा होता. आता चौदा किलोचा आहे. (भारतात राहणाऱ्यांनी हे वाचून तारा कासव आणायच्या भानगडीत पडू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.)

सुलकाटाचं बहुतेक सगळं खाणं म्हणजे गवत. आमच्या भागातली जमीन काळी, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडणारी, अगदी खानदेशातल्यासारखी. आणि लॉनमध्ये जे बर्म्युडा ग्रास असतं ते म्हणजे आपली हरळीच. आमच्या घरी गणपतीला वाहायच्या दूर्वा याच अंगणातून खुडल्या जातात. त्यात मधूनमधून डँडेलियन, क्लोव्हर, पाथरीसारखी रोपं येतात. लॉनवाल्यांच्या लेखी ते तण, धोंडूच्या लेखी ताटातला सगळ्यात चांगला पदार्थ.

जानेवारीत एचओएचं, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचं, पत्र आलं: पुढच्या लॉनमध्ये तण फार आहे, दंड होईल. त्याच आठवड्यात मराठी मंडळींच्या एका ग्रुपवर लॉन कंपनीचं नाव कोणीतरी सुचवलं. विक्रीला आलेला माणूस आपल्याकडचाच, मराठी बोलणारा. मी त्याला मागे नेऊन धोंडू दाखवला. स्पष्ट सांगितलं, हा प्राणी इथलं गवत खातो, नुसता त्यावर चालत नाही. तो म्हणाला, "ताई, निश्चिंत राहा. माझ्या घरी दोन कुत्री आहेत, लॉनवर लोळतात. आमचा ऑरगॅनिक प्रोग्रॅम पूर्ण पेट-सेफ आहे, समुद्रशेवाळ आणि ह्युमिक ॲसिड, बस." साधा प्रोग्रॅम एका खेपेला ५५ डॉलर, हा १०२ डॉलर. वर्षाच्या सहा खेपा. ६१२ डॉलर आगाऊ भरले तर किंमत वाढणार नाही म्हणाला. भरले.

त्याच्या बोलण्यात मी जिथे फसले ती जागा नीट सांगते, कारण तिथेच पुढचाही कोणी फसेल. कुत्रा लॉनवर लोळतो. फवारा सुकल्यावर त्याच्या पायाला किती लागेल एवढाच त्याचा प्रश्न. कासवाचं तोंड दिवसभर जमिनीशी असतं. पोट गवतावर घासत ते चालतं, खळग्यात साचलेलं पाणी पितं, आणि पोट भरतं तेही त्याच गवताने. ‘सुकल्यावर पाळीव प्राण्यांना सोडा’ ही सूचना गवत खाणाऱ्यासाठी लिहिलेलीच नाही. पुढे त्याच औषधाचं लेबल मी वाचलं, तर त्यावर छापलं होतं की फवारलेल्या जागेत जनावरं चारू नका, कापलेलं गवत जनावरांना घालू नका. विकणारा ‘पेट-सेफ’ म्हणत होता आणि डब्यावर हे.

आप्पांनी झाड दाखवल्यावर मी आधी धोंडूला उचलून गॅरेजमध्ये आणलं. मग दारावरच्या कॅमेऱ्याचं मंगळवारचं, म्हणजे फवारणीच्या दिवसाचं, चित्रण काढलं. फवारणीवाला मुलगा शेजाऱ्यांचं लॉन मारत होता. त्यांच्याकडे त्याच कंपनीचा साधा, तण मारण्याचा प्रोग्रॅम आहे. त्यांचं झाल्यावर त्याने पाइप तसाच ओढत आमच्या बाजूला आणला. ना नळी बदलली, ना टाकी. ट्रकवर टाकीच एक होती. शेजाऱ्यांकडे ५५ डॉलरला जे पडलं तेच आमच्याकडे १०२ डॉलरला पडलं.

कंपनीला फोन केला. आधी म्हणाले गैरसमज आहे. मग रंगीत माहितीपत्रक ईमेल केलं. त्यावर हिरवं पान, कुत्र्याचा फोटो आणि ‘ईपीए-मान्यताप्राप्त, सुरक्षित’ अशी ओळ (ईपीए म्हणजे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था). हे वाक्य कोणी दाखवलं तर सावध व्हा. ईपीएकडे नोंदणी झालेल्या कीटकनाशक-तणनाशकाच्या लेबलवर ‘सुरक्षित’, ‘निरुपद्रवी’ असे दावे छापायला अमेरिकेच्या नियमांत मनाई आहे. नोंदणी क्रमांक असणं म्हणजे ईपीएची शिफारस नव्हे. जे लेबलवर छापता येत नाही ते माहितीपत्रकात आणि तोंडी बिनधास्त सांगितलं जातं.

मी लेखी मागितलं: दोन्ही खेपांना काय मारलं, औषधाचं नाव, ईपीए नोंदणी क्रमांक, मारणाऱ्याचा परवाना. टेक्सासमध्ये पैसे घेऊन दुसऱ्याच्या अंगणात अशी औषधं फवारायला राज्याच्या कृषी खात्याचा परवाना लागतो आणि फवारणीची नोंद ठेवावी लागते. ‘मी खात्याकडे तक्रार करते आहे’ असं त्या ईमेलमध्ये लिहिल्यावर तिसऱ्या दिवशी पावत्या आल्या.

मार्चच्या पावतीवर तीन नावं होती: टू-फोर-डी, मेकोप्रॉप, डायकांबा. रुंद पानांचं तण मारायचं नेहमीचं मिश्रण. फेब्रुवारीत जे ‘दाणेदार सेंद्रिय खत’ टाकलं होतं, त्याच्या पावतीवर २४-०-६ असे खताचे आकडे आणि पुढे प्रोडायामीन, म्हणजे तणाचं बी उगवूच न देणारं औषध. त्या आकड्यांकडे मी तेव्हाच बघायला हवं होतं. पहिला आकडा नत्राचा. रक्ताची भुकटी, पिसांची भुकटी अशा तेज सेंद्रिय खतांतही तो बारा-तेराच्या आसपास थांबतो. चोवीस नत्र असलेली पिशवी सेंद्रिय असूच शकत नाही. आप्पांना पावती वाचून दाखवली तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली.

धोंडूने खाणंच सोडलं. जो प्राणी दार उघडल्याचा आवाज ऐकून धावत येतो, तो कोपऱ्यात पाय आत घेऊन बसला. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर आमच्यापासून सव्वा तासावर आहेत. त्यांनी वजन केलं, यकृत आणि मूत्रपिंडासाठी रक्त तपासलं. फवाऱ्यानेच हे झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि मीही तसा दावा करत नाही. कासव आजार लपवतं आणि त्याच्या शरीरात सगळंच सावकाश चालतं, म्हणून आठवडाभर काही दिसलं नाही तरी गाफील राहू नका, असं ते म्हणाले. रोज कोमट पाण्यात हनुवटीपर्यंत बसवायचं, म्हणजे ते पाणी पितं आणि लघवी मोकळी होते. पाय आणि पोटाकडचं कवच धुवायचं. अंगणातलं एक पानही द्यायचं नाही. अकराव्या दिवशी त्याने वाळलेल्या गवताची पहिली काडी ओढली. आमची मुलगी त्या वेळी टबाशेजारी बसून होती, तिने तिथूनच हाक मारली. डॉक्टरांचं बिल ४८० डॉलर झालं.

पैशांचं म्हणाल तर उरलेल्या चार खेपांचे ४०८ डॉलर कंपनीने परत दिले. झालेल्या दोन खेपांचे द्यायला नकार दिला, ते मी क्रेडिट कार्डाकडून भांडून मिळवले. कॅमेऱ्याचं चित्रण आणि पावत्या तिथे कामी आल्या. कृषी खात्याकडे तक्रार नोंदवली आहे. ग्रुपवर लिहिलं तर दोघांनी मला खाजगीत सांगितलं की ‘आपल्या माणसाचा धंदा आहे, जाऊ दे’. मला ते पटत नाही. त्या माणसाने माझ्यासमोर धोंडूच्या पाठीवरून हात फिरवला होता.

आता कोणी फवारणीवाला ठेवणार असाल, किंवा भाड्याच्या घरात घरमालकाने ठेवला असेल, तर त्याच्याकडून ‘ऑरगॅनिक आहे’ हे उत्तर घेऊच नका. खेपेच्या आदल्या दिवशी औषधाचं पूर्ण नाव ईमेलवर मागवा आणि त्याचं लेबल स्वतः वाचा. ‘चारू नका’ हे शब्द शोधा. एकाच टाकीचा ट्रक असेल तर कासवाच्या भागात नळी येऊच देऊ नका. फाटकाला कुलूप लावा. आमच्या घराच्या पूर्वेचा भाजीचा पट्टा दोन्ही खेपांतून वाचला तो फाटकाला कुलूप होतं म्हणूनच.

औषध कधी निघून जाईल हेही एकसारखं नसतं. टू-फोर-डी मातीत साधारण आठवडा-दहा दिवसांत निम्मं होतं. प्रोडायामीन महिनोन्‌महिने राहतं. हुमणीसाठी टाकतात ते इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मुळांतून पानांत भिनतं, गवत कितीही धुतलं तरी उपयोग नाही, आणि मातीत ते वर्षभरही सापडू शकतं. म्हणून ‘पाऊस पडून गेला, आता सोडू’ हा हिशोब करू नका. धोंडू चरायचा तो जुना पट्टा मी पुढच्या वसंतापर्यंत बंद ठेवला आहे.

शेजाऱ्यांशी मी जाऊन बोलले. ते चांगले लोक आहेत, आता फवारणीच्या आदल्या दिवशी मेसेज करतात, मी धोंडूला आत ठेवते. त्यांचं अंगण उंचावर आहे, पावसाचं पाणी आमच्याकडे उतरतं, म्हणून आप्पांनी जायच्या आधी कुंपणालगत मातीचा वीतभर उंच बांध घालून दिला, शेतात घालतात तसा. लाल मुंग्यांच्या वारुळावर दाणे किंवा भुकटी टाकत नाही. दोन-तीन गॅलन उकळतं पाणी ओततो, कधी दोनदा ओतावं लागतं. बी घेताना निळा-गुलाबी लेप असलेलं घेत नाही, तो बहुधा बुरशीनाशकाचा असतो.

आणि जास्वंद. कासवांना जास्वंदीची फुलं फार आवडतात, म्हणून लोक नर्सरीतून कुंडी आणतात आणि त्याच दिवशी फुलं घालतात. नर्सरीतल्या पुष्कळ झाडांना आतून भिनणारं कीटकनाशक दिलेलं असतं, पानाफुलांपर्यंत पोचलेलं. मी माती बदलते, कुंडीत वर्षभर वाढवते, मग पहिलं फूल देते. तोवर निवडुंग आहे. इथे तो आपोआप उगवतो, त्यावर कोणी काही मारत नाही. काटे जाळून त्याची पात धोंडू चवीने खातो.

पूर्वेच्या पट्ट्यातली भाजी काढून मे महिन्यात तिथे हरळी लावली. ऑगस्टपर्यंत ती चांगली दाट झाली. धोंडू अजूनही रोज सकाळी आधी जुन्या पट्ट्याकडे जातो, जाळीला नाक लावून थोडा वेळ उभा राहतो आणि मग वळतो. गणपतीच्या दिवशी एकवीस दूर्वांची जुडी नव्या पट्ट्यातून खुडली. आप्पा व्हिडिओ कॉलवर होते, म्हणाले, "डँडेलियन दाखव." एक उगवला होता. दांडा सरळ होता.