शरदात आजी-आजोबांकडे: सुगी चालू असताना जावं की आटोपल्यावर?

रजा मोजून चार-पाच दिवसांची, मुलांची सुट्टीही तेवढीच, आणि गावी आजी-आजोबा वाट बघताहेत. जायचं हे ठरलेलंच असतं, अडतं ते 'कधी' यावर. शरदाच्या सुरुवातीला काढणी-मळणी चालू असते. शेवटी शेवटी धान्य घरात आलेलं असतं आणि घरातली माणसं जरा टेकलेली असतात. फोनवर विचारलं तर 'कधीही या' एवढंच कळतं. त्यापेक्षा 'सध्या शेतात काय चाललंय, मदतीला कोण आहे?' असं विचारावं, म्हणजे खरी परिस्थिती समजते.

सुगीत गेलात तर आजोबांना मुलांजवळ बसायला वेळ नसतो, पण मुलांना त्यांच्याबरोबर शेतात जाता येतं. दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी याहून चांगली भेट नाही, असं माझं ठाम मत आहे. 'बोल ना आजोबांशी' म्हणून समोर बसवलेलं मूल गप्प होतं. तेच मूल गोणीचं तोंड धरून उभं राहिलं की दोघांचं बोलणं आपोआप सुरू होतं. दाणा दाताखाली धरून ओल कशी ओळखायची, ओला दाणा साठवला तर बुरशी का धरते, हे आजोबा हातातलं काम न थांबवता सांगतात. एरवी घरात फारसं न बोलणारा माणूस आपल्या कामात रमला की किती मोकळा होतो, हे नातवंडांनी एकदा तरी पाहावं.

मूल तीन-चार वर्षांचं असेल तर मात्र या दिवसांत जाऊ नका. मळणीयंत्राजवळ एक क्षण लक्ष चुकलं तरी अनर्थ होतो. धान्याच्या मोठ्या कोठीत खेळणं तर जिवावर बेतू शकतं, कारण पायाखालचं धान्य सरकतं आणि मूल आत रुतत जातं. दमा असलेल्यांना मळणीची धूळ सोसत नाही. शिवाय आजीवर आधीच कामकऱ्यांच्या स्वयंपाकाचा भार असतो, त्यात पाहुण्यांची भर. ती तक्रार करणार नाही, म्हणून आपणच समजून घ्यायचं.

सुगी आटोपल्यानंतरच्या भेटीचं सगळं सुख संध्याकाळी असतं. उत्तर गोलार्धात 22-23 सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र जवळपास सारखे होतात आणि तिथून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत रात्र मोठी होत जाते. (दक्षिण गोलार्धात हाच शरद मार्चमध्ये सुरू होतो.) लवकर अंधार पडला की सगळे एका खोलीत येतात. जुने फोटो बाहेर काढा आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नावं लिहून घ्या. ती नावं आता फक्त आजीलाच ठाऊक असतात.

याच वेळी घराकडेही नीट लक्ष जातं. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. दुपारी येऊन संध्याकाळी परतणाऱ्याला हे कधी दिसत नाही. मुक्काम केला की आजी न्हाणीघराकडे भिंत चाचपत जाताना दिसते, आणि मग त्या वाटेवर दिवा आणि पायरीला कठडा लावून झाल्याशिवाय आपला पाय निघत नाही. उबेसाठी बंद खोलीत निखारे ठेवायची सवय असेल तर तीही याच मुक्कामात सोडवा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उशिरा जाण्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे अंधारातला प्रवास, म्हणून सूर्यास्ताआधी पोचेल अशा बेतानेच निघावं. दुसरी सर्दी-तापाची. थंड प्रदेशात फ्लूची साथ याच सुमाराला डोकं वर काढते आणि लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा ती आधीच घ्यावी. मूल तापलेलं असेल तर सरळ भेट पुढे ढकला.

माझा कौल असा: मुलं कामाला हात लावण्याएवढी असतील आणि आजी-आजोबा धडधाकट असतील, तर सुगीतच जा. मुलं लहान असतील, किंवा दोघांपैकी एकाचं दुखणं यंदा वाढलं असेल, तर उशिरा जा आणि जमल्यास दोनाऐवजी चार दिवस राहा. पहिला दिवस तर आपल्या सरबराईत त्यांचीच दमणूक होण्यात जातो. सुगीतच जायचं ठरलं तर तिकीट बदलता येण्याजोगं काढा, कारण एका पावसाने काढणी आठवडाभर पुढे जाते.