गीव्हर टिन माईन, पेंडीन (कॉर्नवॉल): बीचवरून एक दिवस काढा आणि इथे घालवा

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलला जाणारी आपली बहुतेक मंडळी सेंट आईव्ह्जचा बीच बघतात, लँड्स एंडच्या पाटीखाली फोटो काढतात आणि परत फिरतात. त्या दोघांच्या मधेच, समुद्राला लागून जाणाऱ्या रस्त्यावर पेंडीन नावाचं छोटं गाव आहे आणि तिथे ही खाण आहे, आता तिचं म्युझियम केलंय. तासाभरात उरकेल असं समजून जाऊ नका, सकाळी उघडल्या उघडल्या आत शिरा आणि संध्याकाळपर्यंत थांबा, इतकं आहे तिथे.

आधी थोडं सांगते की ही खाण कसली. कथलाची. म्हणजे आपल्याकडे पितळेच्या पातेल्यांना कल्हई करायला जे लागतं तेच, शिवाय सोल्डर आणि खाण्याच्या डब्यांच्या पत्र्यावरचा मुलामा. पेंडीन, बोटॅलॅक आणि त्यांचं बाजाराचं गाव सेंट जस्ट, हा सगळा पट्टा शेकडो वर्षं कथील आणि तांब्यावर जगला. धातूच्या शिरा जमिनीखालून थेट अटलांटिकच्या तळाखाली गेल्यात, म्हणून खाणकामगारही त्यांच्या मागे समुद्राखाली गेले. बोगदे आणि शाफ्ट (खाली उतरायच्या उभ्या विहिरी) यांचं एक मोठं थ्री-डी मॉडेल इथे ठेवलंय, ते बघताना लक्षात येतं की किनाऱ्यावर दिसतं ते काहीच नाही, खरी खाण सगळी खाली आणि पाण्याच्या दिशेने पसरलेली. मुख्य व्हिक्टरी शाफ्ट जवळपास 480 मीटर खोल. पहिलं महायुद्ध संपल्यावर तो खणायला घेतला म्हणून नाव व्हिक्टरी.

माझ्या मते सगळ्यात भारी जागा म्हणजे 'ड्राय', म्हणजे कामगारांची कपडे बदलायची आणि अंघोळीची इमारत. शेवटची शिफ्ट संपवून लोक गेले तेव्हा जसं होतं तसंच ठेवलंय. लॉकर, लटकलेले डगले, मातीने लाल झालेले बूट, भिंतीवर चिकटवलेली स्टिकरं. काचेच्या पेटीत ठेवलेल्या वस्तू आपण कितीतरी म्युझियममध्ये बघतो आणि विसरतो, इथे माणसं आत्ता परवा उठून गेल्यासारखी वाटतात, आणि माझ्या सासूबाई, ज्यांना म्युझियमचा कंटाळा आहे, त्या तिथे बराच वेळ एकेक लॉकर बघत उभ्या होत्या.

मग मिल. दगड फोडायचे, दळायचे आणि पाण्यातून शेकिंग टेबलांवर सोडायचे. ही टेबलं तिरकी असतात आणि सतत हलत असतात, जड कथील एका बाजूला जातं आणि हलकी वाळू पाण्याबरोबर वाहून जाते, सुपात धान्य पाखडताना खडे वेगळे होतात ना तेच तत्त्व. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर दगडात कथील शेकडा एक टक्क्याच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. म्हणजे शंभर किलो दगड समुद्राखालून वर आणायचा तेव्हा हाताला किलोभर धातू. हे आकडे डोक्यात ठेवून पुढचं ऐकलं की भाव पडला तर खाण का टिकत नाही हे वेगळं समजवावं लागत नाही.

जमिनीखालची टूर व्हील मेक्सिको नावाच्या जुन्या भागात नेतात. हेल्मेट आणि कोट तेच देतात. छत खूप कमी उंचीचं आहे, वाकून चालावं लागतं, पाणी ठिबकत असतं, बंद जागेची भीती असेल त्यांनी विचार करूनच जा. हे बोगदे हाताने खोदलेले आहेत, छिन्नी, हातोडा आणि बारूद, उजेड फक्त मेणबत्तीचा, आणि ती मेणबत्ती, बारूद याचे पैसे कामगाराच्या कमाईतूनच कापायचे. त्या काळी ट्रिब्यूट म्हणून पद्धत होती, खाणीचा एखादा तुकडा कामगारांच्या टोळ्यांनी बोली लावून घ्यायचा आणि जे निघेल त्याच्या किमतीत वाटा मिळायचा, निघालं नाही तर महिनाभराची मेहनत वाया. वर दगड फोडायला बायका आणि लहान मुली असायच्या, त्यांना बाल मेडन म्हणायचे (हा 'बाल' म्हणजे लहान नव्हे, कॉर्नवॉलच्या जुन्या भाषेत, कॉर्निशमध्ये, खाण). आमचे गाईड स्वतः खाणीत काम केलेले होते, आणि असा माणूस समोर उभा राहून सांगतो तेव्हा पाटीवर वाचलेलं आणि ऐकलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

शेजारची लेव्हंट खाण चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, तिकीट वेगळं. तिथे मॅन इंजिन नावाचं यंत्र होतं, वर-खाली होणारा लांबलचक दांडा आणि त्यावर ठराविक अंतरावर पायऱ्या, माणूस पायरीवरून बाजूच्या फळीवर आणि फळीवरून पुढच्या पायरीवर असा टप्प्याटप्प्याने वर यायचा. 20 ऑक्टोबर 1919 ला शिफ्ट संपून लोक वर येत असताना दांडा जिथे इंजिनाला जोडला होता तिथलंच लोखंड तुटलं आणि 31 जण गेले. एवढ्याशा वस्तीत 31 म्हणजे प्रत्येक आळीत कोणीतरी. खाण पुढे अकरा वर्षं चालली आणि 1930 ला बंद पडली.

आता मला ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहावासा वाटला ते. आमचं माहेर गोव्यातल्या डिचोलीकडचं. 2012 ला आणि परत 2018 ला तिथल्या लोखंडाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे, बार्ज नदीत उभ्या, गॅरेजवाला, चहावाला, टायरवाला सगळेच रिकामे, हे मी घरून ऐकलंय. तिकडे कारण कोर्ट आणि लीज होतं, इकडे कारण भाव. इंटरनॅशनल टिन कौन्सिल नावाची संस्था होती, भाव पडायला लागला की कथील विकत घेऊन साठवायचं आणि भाव धरून ठेवायचा हे तिचं काम. ब्राझीलसारखे देश स्वस्त माल भरपूर काढायला लागले, डबे ॲल्युमिनियमचे झाले, संस्था विकत घेत राहिली आणि 24 ऑक्टोबर 1985 ला तिचे पैसेच संपले. लंडनच्या बाजारात कथलाचे सौदे थांबले. टनाला 8 हजार पौंडांच्या वर असलेला भाव काही महिन्यांत 4 हजारांच्या खाली. गीव्हरने सरकारकडे मदत मागितली, मिळाली नाही, 1986 मध्ये बहुतेकांची नोकरी गेली. नंतर थोड्या माणसांवर काम परत सुरू केलं, पण फेब्रुवारी 1990 ला कायमचं बंद. 1991 मध्ये पंप थांबवले आणि खाली पाणी भरलं. समुद्राखालच्या खाणीत पंप थांबवणं म्हणजे परतीचा रस्ताच बुजवणं.

पण इथल्या लोकांना हे नवीन नव्हतं. 1860 च्या दशकात तांब्याचा भाव कोसळला तेव्हा घरंच्या घरं उठून ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, दक्षिण आफ्रिकेला गेली आणि तिथून पाठवलेल्या पैशावर मागची घरं चालली. उलट वाटही आहे, बोअर युद्धामुळे आफ्रिकेतून परतलेल्या सेंट जस्टच्या काही खाणकामगारांनीच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जागा पुन्हा हाती घेतली, आणि 1911 ला गीव्हर कंपनी झाली. आपल्याकडेही आले ते, कोलारच्या सोन्याच्या खाणी 1880 पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सने चालवल्या आणि तिथे कॉर्निश माणसं कामाला होती. कोलारही 2001 ला बंद झालं.

म्हणून गीव्हरचं मला खरंच कौतुक आहे. कॉर्नवॉल कौन्सिलने जागा विकत घेतली, 1993 ला म्युझियम उघडलं आणि 2001 पासून पेंडीनमधल्याच लोकांची संस्था ते चालवते. खाणीत तीन-चारशे जणांना बारमाही काम होतं, म्युझियम तेवढ्यांना पोसू शकत नाही हे उघड आहे, आणि सेंट जस्टच्या पट्ट्यात आज बाहेरच्यांची सुट्टीतली घरं आणि त्यामुळे वाढलेल्या किमती हा मोठा प्रश्न आहे. तरी यंत्रं भंगारात गेली नाहीत, शाफ्टवरचा सांगाडा उभा आहे. गोव्यात एखाद्या बंद खाणीवर, तिथल्याच ट्रक ड्रायव्हर आणि मशीन ऑपरेटरना गाईड करून असं काही उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

जायचं कसं, तर पेन्झान्सपर्यंत ट्रेन आणि पुढे बस. उन्हाळ्यात उघड्या टपाच्या बस किनाऱ्याने फिरतात, त्यातून येताना बोटॅलॅकची कड्यावरची इंजिन हाऊसेस (खाणीच्या वाफेच्या इंजिनांच्या जुन्या दगडी इमारती) दिसतात, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना लक्ष ठेवा. हिवाळ्यात वेळा आणि बस दोन्ही कमी होतात, आधी वेबसाईट बघून घ्या. ग्रिप असलेले बूट आणि विंडचीटर घ्याच, जूनमध्येसुद्धा वारा अंगात शिरतो. कॅफे समुद्राकडे तोंड करून आहे. पास्टी (मोठ्या करंजीसारखी, आत सारण भरून भाजलेली) तिथे खा किंवा सेंट जस्टच्या बेकरीतून घ्या, पारंपरिक पास्टीत बीफ असतं, त्यामुळे न खाणाऱ्यांनी चीज-कांद्याची मागा. लहान मुलं असतील तर खाणीच्या टूरचा नंबर आधी लावा आणि मिल नंतर ठेवा, ती दमली की बोगद्यात वाकून चालायला कुरकुर करतात.